गोळी बेळगावची, हिशोब कुणाचा?

बेळगाव : बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव म्हणजे खेड्यापाड्यातल्या बाईच्या थेट जिवावर बेतणारी गोष्ट. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत यावर एक मोठी चाचणी झाली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. बाकीच्यांना दिल्या त्या दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळालं हे ना नर्सबाईंना माहीत, ना बाळंतिणीला. किती रक्त गेलं याचा नुसता अंदाज न बांधता ते मोजायला खुणा केलेली खास पिशवी वापरली गेली.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषध न मिळालेल्यांत जादा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के होतं, मिळालेल्यांत ६.४ टक्के. म्हणजे १८ जणींना औषध दिलं की एकीवरचं संकट टळतं. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कामासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

या कामाचं श्रेय डॉक्टरांना मिळालं आणि ते योग्यच आहे. गावोगाव फिरलेल्या नर्सबाईंचं कौतुकही थोडंफार झालं. पण १,६२० हा आकडा आला कुठून? पाचशे बायकांवर का भागलं नसतं? कुणाला कुठली गोळी हे कुणी ठरवलं? हा फरक औषधाचा, नशिबाचा नाही, असं छातीठोकपणे कुणी सांगितलं? हे सगळं काम संख्याशास्त्रज्ञाचं. त्याचं नाव मात्र सहसा कुणाला ठाऊक नसतं.

चार बायकांचा फरक

हे काम किती नाजूक असतं, ते दुसऱ्या एका चाचणीवरून कळतं. पहिलटकरणींना रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन दिली तर दिवस भरण्याआधीची बाळंतपणं कमी होतात का, हे सहा देशांत तपासलं गेलं. त्यात भारतातली दोन केंद्रं होती, बेळगाव आणि नागपूर. सगळ्या मिळून ११,९७६ स्त्रिया सहभागी झाल्या. २०२० मध्ये निकाल आला तेव्हा मुदतपूर्व बाळंतपणांचं प्रमाण एका गटात १३.१ टक्के, तर ॲस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के निघालं.

आता साधा हिशोब करून बघा. हीच चाचणी फक्त पाचशे बायकांवर केली असती तर एका गटात ३३ आणि दुसऱ्यात २९ बाळंतपणं मुदतीआधी झाली असती. फरक चार बायकांचा! एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. औषध उपयोगाचं असूनही 'गुण नाही' म्हणून बाजूला पडलं असतं. उलट छोट्या चाचणीत योगायोगाने मोठा फरक दिसला, तर कुचकामी औषध गावोगाव वाटलं जातं. दोन्हीकडे भुर्दंड पेशंटलाच.

या दोन्ही चाचण्या ज्या 'ग्लोबल नेटवर्क'मार्फत झाल्या, त्याचं आकडेवारीचं केंद्र अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या 'आरटीआय इंटरनॅशनल' या संस्थेकडे होतं. नोंदी आपल्या गावांतल्या, अंतिम हिशोब तिकडचा. यात गैर काही नाही. सहा देशांची आकडेवारी कुठेतरी एकत्र यावीच लागते, आणि हिशोब तपासणारा लांबचा असला तर ते बरंच. प्रश्न वेगळा आहे. असं केंद्र चालवू शकणारी माणसं इथे किती तयार होतात?

मानाची पानं कुणाला?

या शास्त्राला मान नाही असं म्हणता येणार नाही. 'इंटरनॅशनल प्राइज इन स्टॅटिस्टिक्स' हा दर दोन वर्षांनी दिला जाणारा पुरस्कार २०१७ मध्ये सुरू झाला. पहिला मानकरी ब्रिटनचे डेव्हिड कॉक्स. पेशंट किती काळ जगतो आणि कशामुळे, हे मोजण्याची त्यांची १९७२ची पद्धत आज कॅन्सरच्या जवळपास प्रत्येक संशोधनात वापरली जाते. २०२१चा पुरस्कार नॅन लेअर्ड यांना मिळाला. एकाच पेशंटच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्यांचा अर्थ कसा लावायचा, हे त्यांचं काम. म्हणजे पहिल्या तीन पुरस्कारांपैकी दोन थेट दवाखान्याशी जोडलेले.

२०२३ चे मानकरी सी. आर. राव. त्यांचा जन्म हडगलीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. १९४५ साली कोलकात्यात छापलेल्या एका लेखासाठी वयाच्या १०२व्या वर्षी त्यांना हा मान मिळाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

आपल्याकडे केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचे राष्ट्रीय पुरस्कार आहेत. तरुणांसाठीचा राव यांच्या नावाचा, ज्येष्ठांसाठीचा पां. वा. सुखात्मे यांच्या नावाचा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. अन्न आणि कृषी संघटनेत त्यांनी जगाच्या भुकेचा हिशोब मांडला. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन माणसाला किती उष्मांक लागतात यावर वि. म. दांडेकरांशी जाहीर वाद घातला. कुपोषित कुणाला म्हणायचं हा प्रश्न किती राजकीय असतो, ते त्या वादाने दाखवलं.

पण हे मान नवी पद्धत शोधणाऱ्यांना जातात, आणि ते ठीकच आहे. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात बसून शंभर एमडी प्रबंधांचे आकडे तपासणाऱ्याला, 'सर, एवढ्या पेशंटवर काही सिद्ध होणार नाही' असं तोंडावर सांगणाऱ्याला कुठला पुरस्कार?

परिषदेचा उपयोग काय

१९३८ साली कोलकात्यातल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत अध्यक्ष रोनाल्ड फिशर यांनी बजावलं होतं की, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला शवविच्छेदनाला बोलावण्यासारखं आहे. आजही प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की विद्यार्थी एक्सेलची फाइल घेऊन धावतो, हे कुठल्याही कॉलेजात दिसेल.

'इंडियन सोसायटी फॉर मेडिकल स्टॅटिस्टिक्स'सारख्या संस्था परिषदा भरवतात. एकट्या-दुकट्याने काम करणाऱ्या माणसाला आपल्या शंका विचारायला तेवढीच जागा. पण डॉक्टरांना परिषदेला गेलं की मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळतात. कॉलेजातला संख्याशास्त्रज्ञ डॉक्टर नसला, तर त्या वहीत त्याचं खातंच नसतं. औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत नैतिकता समितीवर कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिक हवा असं म्हटलं आहे. संख्याशास्त्रज्ञाची सक्ती मात्र नाही.

माणसं नाहीत असं नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, वडोदऱ्याचं सयाजीराव, हैदराबादचं उस्मानिया, सगळीकडे संख्याशास्त्राचे विभाग आहेत. तिथून शिकलेली मुलं बँकेत, विम्यात, आयटीत जातात. आजूबाजूच्या मेडिकल कॉलेजांनी त्यांना चाचणीचा आराखडा आखतानाच बोलावलं, कामाचे पैसे दिले आणि परिषदेला जायचा खर्च उचलला, तर त्यातली काही तरी इथे थांबतील. समितीवर एक खुर्ची दिली तर आणखी बरं.

दरवर्षी २९ जूनला, महालनोबिस यांच्या जयंतीला, सांख्यिकी दिन होतो. त्या दिवशी हारतुरे होतीलच. पण नोंदणी सुरू होण्याआधी हिशोब तपासला गेला की नाही, हे विचारणं जास्त गरजेचं आहे. कारण गोळी घेणारी बाई आपल्याच गावची असते.