बुर्ज खलिफा दिसतो का गं?

"तुझ्या घरातून बुर्ज खलिफा दिसतो का गं?"

हा प्रश्न मला आईने, मावशीने, सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी आणि कॉलेजच्या ग्रुपवरच्या निदान सहा जणांनी विचारलाय. माझं ठरलेलं उत्तर, "रोज बघते!" खोटं नाहीये हो. मी रोज ज्या मेट्रोने ऑफिसला जाते ती त्याच्या समोरूनच जाते. फक्त घरातून तो दिसत नव्हता. घरातून काहीच दिसत नव्हतं, कारण घराला खिडकीच नव्हती. आणि 'घर' हा शब्दही जरा जास्तच झाला.

मी दुबईला आले ऑगस्ट २०२४ मध्ये. डोंबिवली ते दुबई. एका इंटिरिअर फिट-आउट कंपनीत अकाउंट्सचा जॉब, पगार साडेपाच हजार दिरहम. त्याआधी चार महिने माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट माझ्याशिवायच फिरत होतं. आधी मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात. प्रत्येक ठिकाणी पाठीवर एकेक शिक्का. आता त्या सर्टिफिकेटची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त भारदस्त दिसते. आल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, आणि मग हातात एमिरेट्स आयडी. दोन वर्षांचा. इथे कुणी तुम्हाला किती वर्षं राहणार असं विचारत नाही, कार्ड कधी संपतंय एवढंच विचारतात.

नवीन आलेला माणूस दुकानात लगेच ओळखू येतो. त्याचे ओठ हलत असतात. तो पाढा म्हणत असतो, तेवीसचा! मी आले तेव्हा एक दिरहम साधारण २३ रुपयांना होता. पाण्याची बाटली दीड दिरहम, म्हणजे चौतीस रुपये, ठेव खाली. केस कापायचे पन्नास दिरहम, म्हणजे साडेअकराशे, वाढू देत. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तो बिचारा जागचा हलत नाही, आपला रुपयाच मागे सरकतो आणि पाढा मोठा होत जातो. गंमत म्हणजे १९६६ पर्यंत इथे आपल्याच रिझर्व्ह बँकेचा खास 'गल्फ रुपया' चालायचा. मी साठ वर्षं उशिरा आले, दुसरं काय!

ऑगस्टबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे 'गरम असतं' एवढं सांगितलं होतं. पण एसीतून बाहेर पाऊल टाकल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध आंधळे होता, हे नव्हतं सांगितलं. पहिल्या दिवशी अंघोळीला थंडचा नळ सोडला आणि किंचाळले. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते. मग कळला इथला फंडा : उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. त्यात साठलेलं पाणी घरातल्या एसीने जरा निवतं, आणि थंड पाणी हवं असेल तर 'हॉट'चा नळ सोडायचा. हे मी आईला फोनवर तीनदा समजावलं, तरी तिला वाटतं मी नळ उलटे बसवलेल्या घरात राहते.

तर घर. इथे फ्लॅट भाड्याने घ्यायचा म्हणजे वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार चेकमध्ये, पुढच्या तारखा टाकून आधीच द्यायचं. वर डिपॉझिट, वर एजंटचं कमिशन. ज्या मुलीचं अजून बँकेत खातं उघडलेलं नाही तिने चेकबुक आणायचं कुठून? म्हणून नवीन माणूस विजेचे खांब वाचत फिरतो. देराच्या गल्ल्यांत खांबांवर, बसस्टॉपवर चिकटवलेले कागद : 'बेड स्पेस फॉर लेडी एक्झिक्युटिव्ह', 'पार्टिशन, नियर मेट्रो', 'एक्झिक्युटिव्ह बॅचलर्स ओन्ली'. इथल्या 'बॅचलर'चा आणि लग्नाचा काही संबंध नाही बरं का. तीन मुलांचा बापही इथे बॅचलरच, बायको-मुलं गावी असली की झालं.

मला अल रिग्गाला पार्टिशन मिळालं. एका फ्लॅटच्या हॉलचे जिप्सम बोर्ड लावून चार तुकडे केलेले. भिंती छतापर्यंत गेलेल्या नव्हत्या, कारण एसी चौघींत एकच. एक पलंग, एक कपाट, आणि मी आत गेले की उभं राहायला जागा उरायची नाही. महिना तेराशे दिरहम. खिडकीवालं पार्टिशन पंधराशेला होतं. दोनशे गुणिले तेवीस... सोडा. बाबा रिटायर झालेत, डोंबिवलीच्या घराचा हप्ता आता माझ्याकडे आहे. खिडकीशिवाय चालेल, म्हटलं.

घरी मात्र सांगितलं, "शेअरिंगमध्ये आहे, मस्त आहे, मेट्रोच्या अगदी जवळ." आणि मग एक आयडिया केली. दहा दिरहमवाल्या दुकानातून एक पिवळाधमक पडदा आणला आणि पलंगामागच्या जिप्समच्या भिंतीवर लावला. व्हिडिओ कॉलवर असं वाटावं की मागे छान मोठी खिडकी आहे. (व्हॉट्सअ‍ॅपवर इथून मेसेज जातात, कॉल लागत नाही. म्हणून इथे 'बोटिम' वापरतात. आई त्याला बुटीन म्हणते.)

फ्लॅटमध्ये आम्ही नऊ जणी आणि बाथरूम एक. दारावर टाइमटेबल. माझा नंबर सहा दहा ते सहा पंचवीस. एक मिनिट उशीर झाला तर मॉलमध्ये काम करणारी फिलिपिनो मुलगी गोड आवाजात 'सिस्टर, सिस्टर' करत दार वाजवायची. पलीकडच्या पार्टिशनमध्ये चेची, केरळची, एका क्लिनिकमध्ये नर्स. तिची नऊ वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ. रोज पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडे सात वाजता, चेची तिचे पाढे घ्यायची. मी इकडे झोपेत ऐकायचे. मलयाळममधला सातचा पाढा मला आता धडधड म्हणता येतो. चेची वर्षातून एकदा, तीस दिवस घरी जाते. तिने एकदा हिशेब करून सांगितलं होतं की मुलगी नऊ वर्षांची झाली, त्यातले आठ महिने तिने मुलीबरोबर काढलेत. सांगताना ती कांदा चिरत होती. मी पुढे काही विचारलं नाही.

पण खरं सांगू? पहिले सहा महिने मी जाम खुश होते. ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झालेली ती बिनड्रायव्हरची मेट्रो, तिच्यात बायकांचा वेगळा भाग, आणि कुणी कुणाला ढकलत नाही! डोंबिवली फास्टमध्ये चौथी सीट मिळवण्यासाठी कोपरं मारलेल्या मुलीला हे सहनच होईना. च्युइंग गम खाल्लं तरी शंभर दिरहम दंड. रात्री अकराला एकटी चालत घरी यायचे आणि मागे वळून बघायची सवय आपोआप सुटली. ऑफिसखाली एका छोट्या कॅफेटेरियात 'करक' मिळायचा. आपला 'कडक' चहाच तो, समुद्र ओलांडून आल्यावर नाव जरा अरबी झालंय. शनिवार-रविवार सुट्टी (२०२२ च्या जानेवारीपर्यंत इथे शुक्रवार-शनिवार असायची), तेव्हा एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या होडीतून खाडीपलीकडे बर दुबईला जायचं आणि मीना बाजारात उगाच भटकायचं. अकाउंट्समध्ये असल्यामुळे 'इन्शाल्ला'चे प्रकारही शिकले. क्लायंट पेमेंटबद्दल 'इन्शाल्ला, थर्सडे' म्हणाला तर आशा आहे. नुसतंच 'इन्शाल्ला' म्हणाला तर फाइल कपाटात.

आणि स्वतःची फार कीव यायला लागली की दुपारी ऑफिसबाहेर बघायचं. १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन, उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे. तेव्हा समोरच्या साइटवरचे लोक सावलीच्या पट्टीत पुठ्ठे अंथरून ओळीने झोपलेले असतात. सावली सरकली की झोपेतच तेही सरकतात.

आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर चाचा दापोलीकडचे. १९९४ पासून इथे. मला बघितलं की "काय गो, जेवलीस?" एकदा साइटवरून परत येताना मी बोटिमवर आईशी बोलत होते. फोन ठेवल्यावर चाचा आरशातून बघत म्हणाले, "काय काय सांगतेस गो घरी?" मी हसले. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. सुरुवातीला ते एका खोलीत बारा जण राहायचे. गावी फोटो पाठवायचा असला की सगळे मिळून स्टुडिओतून कॅमेरावाला आणायचे, आणि शेठची गाडी उभी असेल तिला टेकून एकेकाने फोटो काढायचा. एकच गाडी, बारा फोटो. "गावात पंचाईत झाली. एका वाडीत तिघांच्या घरी तीच गाडी, तोच नंबर!" चाचा एवढे हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. सिग्नलनंतर म्हणाले, "माझी अम्मी गेली, तरी तिला वाटायचं गाडी माझीच होती."

मला त्या रात्री पिवळ्या पडद्याकडे बघवेना.

२०२५ च्या जूनमध्ये दुबई महापालिकेने बेकायदा पार्टिशनविरुद्ध मोहीम काढली, त्यात अल रिग्गाही होतं. बरोबरच होतं त्यांचं. नऊ बायका आणि आग लागली तर बाहेर पडायला एक चिंचोळी गल्ली. पण बरोबर असलं म्हणून झोपायची सोय होत नाही. एका दुपारी दोन माणसं आली आणि तासाभरात जिप्समच्या भिंती उतरवून घेऊन गेली. मी संध्याकाळी आले तर हॉल लख्ख! तेव्हा मी ती खिडकी पहिल्यांदा बघितली. दहा महिने तिच्यापासून बारा फुटांवर झोपत होते. निम्म्या जणी शारजाला गेल्या. चेची आणि मला त्याच इमारतीत वर एका खोलीत जागा मिळाली. तीन बेड, त्यातला एक बंक. तिथे गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? पडदा लावला.

आणि सप्टेंबरमध्ये आईने बॉम्ब टाकला. "दिवाळीला मी तुझ्याकडे येते. पासपोर्ट काढलाय."

ट्रॅव्हल एजंटला फोन केला. तो म्हणाला, आई तुमच्याकडे राहणार ना, मग तुमची एजारी पाठवा. एजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी. अरबीत त्याचा अर्थ 'माझं भाडं'. भाडं तर मी वेळच्या वेळी भरत होते, पण कागदावर ते माझं कुठेच नव्हतं. दोन दिवस काय काय डोक्यात आलं! आजारी पडावं, ऑफिसने टूरवर पाठवलं म्हणावं, एका श्रीमंत मैत्रिणीचा फ्लॅट आठ दिवस मागावा. शेवटचं तर मी जवळजवळ विचारलंच होतं.

शुक्रवारी रात्री फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पार्टिशन, नऊ जणी, बंक बेड, एजारी. पलीकडे शांतता. मला वाटलं बोटिम अडकलं.

मग आई म्हणाली, "पडद्यामागे खिडकी नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

"कसं?"

"सकाळी फोन केला तरी पडद्यावर तेवढाच उजेड, रात्री केला तरी तेवढाच. मी काय आंधळी आहे? बाबांना सांगितलं नाही एवढंच. हप्ता घेताना त्यांचा हात थरथरला असता." मग जरा थांबून, "हॉटेल बघ एखादं. स्वस्तातलं. सहा दिवस पुरे. पण तुझी खोली मला बघायची आहे."

हॉटेलच्या बुकिंगवर व्हिसा आला. आई आली ती चकल्यांचे तीन डबे घेऊन. खोलीत आल्यावर आधी तिने माझ्या गादीवर हात दाबून बघितला, मग नळ सोडून बघितले (उलटे नाहीत याची खात्री करून घेतली), मग पडदा बाजूला करून मागची भिंत बघितली आणि तो परत नीट सारखा केला. चेची आणि ती कोणत्या भाषेत बोलत होत्या मला माहीत नाही, पण मी करक घेऊन वर येईपर्यंत चेचीच्या मुलीचे फोटो बघून झाले होते आणि दोघींचे डोळे लाल होते.

निघायच्या आदल्या दिवशी आईने मोबाइल काढला. "मावशीला फोटो पाठवायचाय तुझ्या खोलीचा. सारखी विचारते. बस तिथे, पडद्यापुढे."

मी बसले. तिने मोबाइल आडवा धरला, उभा धरला, दोन पावलं मागे गेली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जरा डावीकडे सरक गं. मागचा तो बंक येतोय त्यात."