माहूल आणि भाड्याचे १५ हजार

गरीब कुटुंबाला भाड्यासाठी सरकारी पैसा द्यावा असे मुंबईत कोणी सुचवले, की 'हे आपल्याकडे कसे जमणार?' हा प्रश्न ठरलेला. ते एकदा जमवावे लागले आहे, तेही न्यायालयाच्या आदेशाने. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून पालिकेने हजारो कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहूलमध्ये नेले. घर २२५ चौरस फुटांचे, पक्के, कागदोपत्री निर्दोष. भोवती मात्र तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. तिथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच नोंदवले होते. तरीही कुटुंबे तिथे पाठवली गेली. अखेर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावले की, माहूलची सक्ती करू नका. सुरक्षित पर्यायी जागा देता येत नसेल, तर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, लोक आपली जागा शोधतील.

या आदेशातला गाभा आपल्या गृहनिर्माण खात्याच्या आजही गळी उतरलेला नाही. घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर एवढेच असते, तर माहूलच्या सदनिकांवर उड्या पडल्या असत्या. उलट २०२५मध्ये पालिकेने यातली हजारो घरे साडेबारा लाखांच्या आसपास किमतीत आपल्याच कर्मचाऱ्यांना देऊ केली, तेव्हाही प्रतिसाद थंडच राहिला. मुंबईत या भावात घर मिळते आणि कोणी घेत नाही, यावर एखादा शोधनिबंध व्हायला हरकत नाही.

भाड्यासाठी साहाय्य देण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे. १९७४च्या कायद्याने तिथे सुरू झालेल्या 'सेक्शन ८' योजनेत कुटुंबाने साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भरायची, ठरावीक मर्यादेपर्यंतचे उरलेले भाडे सरकारने घरमालकाला द्यायचे. घर राहण्याजोगे आहे की नाही, याची तपासणी आधी होते. १९९४पासून बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. सरकारी संकुलांतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांनी त्यात भाग घेतला. सोडतीत नाव निघालेल्या काहींना अशी भाडेपत्रे, म्हणजे भाड्याच्या साहाय्याची व्हाउचरे, मिळाली, जी कमी गरिबी असलेल्या वस्तीतच वापरता येत. अर्ज का केला, या प्रश्नाला बहुसंख्यांचे उत्तर एकच होते: टोळ्या आणि अमली पदार्थांपासून पोरांना दूर न्यायचे आहे. आईबापांच्या कमाईत त्यामुळे फारसा फरक पडला नाही आणि काही वर्षे प्रयोग फसला असेच मानले गेले. २०१५मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या झालेल्या मुलांच्या प्राप्तिकराच्या नोंदी तपासल्या. वयाच्या तेराव्या वर्षाआधी नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची कमाई ३१ टक्के अधिक निघाली. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना तसा लाभ दिसला नाही. वस्ती बदलायची तर लवकर, हा त्याचा सरळ अर्थ.

या योजनेचे गोडवे गाताना तिचे अपयशही पाहिले पाहिजे. पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शालाच असे सरकारी साहाय्य मिळते. बाकीचे वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत. हातात भाडेपत्र आहे म्हणून घर नाकारणारे मालक तिथेही आहेत. मुंबईकराला यात नवल वाटू नये. आडनाव, धर्म, ताटातले मासे, नवऱ्याविना राहणारी बाई, यांपैकी कशावरूनही दलाल इथे फोन ठेवून देतो. अकरा महिन्यांनी पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, पुन्हा मुलाच्या शाळेचा प्रश्न. आदर्श भाडेकरू कायद्याने २०२१मध्ये घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवायला सांगितले. मुंबईतल्या बाजाराला ते ऐकू आलेले नाही.

घरमालकांची बाजूही खोटी नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी, पागडी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे खटले हे सारे त्यांनी पाहिले आहे. त्या धास्तीने घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे बरे, असे अनेकांना वाटते. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी सापडली ती उगीच नव्हे. भाडे वेळेवर येईल आणि मुदत संपल्यावर घर रिकामे होईल, ही हमी मिळाली, तर यातली काही कुलपे निघतील.

सरकारचे लक्ष मात्र मालकीच्या घरावर खिळले आहे. 'एमएमआरडीए'ने २००८मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे तिचे स्वरूप पालटले आणि पनवेलजवळच्या कोनमधली तिची घरे २०१६मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडतीत निघाली. गिरणी कामगारांचा हक्क आम्हाला मान्यच आहे, पण भाड्याचे घर शोधणाऱ्याच्या वाट्याला काय उरले? पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्हाउचर आहे. तेही घर विकत घेणाऱ्यासाठी.

झोपडपट्टी पुनर्वसनात विकासक रहिवाशांना भाडे देतात, हा अनुभवही हाताशी आहे. थकलेल्या भाड्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरण्याची अट प्राधिकरणाला घालावी लागली. शिवाय एका भागातल्या अनेक इमारती एकाच वेळी पाडल्या, की ते भाडे घेऊन सगळे आसपास घर शोधतात आणि दर चढतात. घरांचा पुरवठा न वाढवता नुसता पैसा वाटला, तर तो मालकाच्या खिशात जाईल.

म्हणून राज्य सरकारने आणि पालिकेने आधी मर्यादित प्रयोग करावा. प्रकल्पबाधित आणि मोडकळीस आलेल्या इमारतींतून हलवलेल्या, लहान मुले असलेल्या कुटुंबांना प्राधान्य द्यावे. भाडे थेट मालकाच्या खात्यात जावे, करार किमान तीन वर्षांचा असावा, जिना, पाणी, संडास आणि आसपासची हवा तपासूनच घर यादीत यावे. रिकामे घर भाड्याने देणाऱ्याला मालमत्ता करात सवलत द्यावी आणि जात-धर्म पाहून घर नाकारणाऱ्याला दंड असावा. पालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद दिसली पाहिजे.