विकले, पण सोपविले नाही

घर विकत घेण्याचा प्रसंग सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. यामुळेच की काय, त्या बाबतीतले शहाणपण मनुष्यास बहुधा व्यवहार उरकल्यावर येते. आमच्या पुतण्याने गेल्या वर्षी पुण्यास कोथरूड भागात एक जुनी सदनिका घ्यावयाचे ठरविले. साठेखत झाले, त्याची रीतसर नोंदणी झाली, किमतीचा पाचवा हिस्सा विक्रेत्याच्या हाती पडला, बँकेचे कर्जही मंजूर झाले. खरेदीखताचा दिवस पंधरा दिवसांवर आला असता दलालामार्फत विक्रेत्याचा निरोप आला की, ‘आणखी दोन महिने थांबावे.’ कारण काहीच कळविले नव्हते.

त्या एका निरोपाने आमच्या घरात केवढा क्षोभ माजला! भाड्याची जागा सोडण्याची सूचना पुतण्याने जागामालकास देऊन ठेवली होती. कर्जाची मंजुरी काही अमर नसते. तिची मुदत टळली की पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. नातीचे नाव नव्या घराजवळच्या शाळेत घातले होते. पुतण्या म्हणाला, “काका, उद्याच वकिलाकडून नोटीस धाडतो.” आम्ही तत्काळ होकार दिला. एरवी आम्ही इतके उतावळे नाही. पण दुधाने एकदा तोंड पोळले होते, त्याची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

सन 1992 मध्ये आम्ही एका लहान गावी शाळेत नोकरीस होतो. तेथे अंगण असलेले दोन खोल्यांचे एक घर घ्यावयाचे आम्ही ठरविले, विसार दिला आणि खरेदीचा दिनांकही कागदावर घातला. तो दिवस आला तेव्हा घरमालक म्हणाले, “दिवाळी होऊ द्या.” दिवाळी झाली तेव्हा, “मुलीचे लग्न उरकू द्या.” पुढल्या वर्षी अधिक मास आडवा आला. प्रत्येक वेळी ते हसून म्हणत, “मास्तर, मी का कोठे पळून जातो?” आणि आम्हीही हसत परत येत असू. शाळामास्तराने भल्या गृहस्थाकडे लेखी कागद मागावा हे आम्हांस अशोभनीय वाटे. चौथ्या वर्षी त्यांनी स्पष्ट सांगितले की, भाव चढले आहेत, त्या किमतीस आता घर मिळावयाचे नाही. आम्ही वकिलाकडे धावलो. त्याने कागद पाहिला आणि मान हलविली. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा कराराच्या पूर्ततेसाठी दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत असते, आणि करारात दिनांक ठरलेला असेल तर ती त्या दिनांकापासून मोजली जाते. मुदत वाढविल्याचे एक अक्षरही आमच्यापाशी नव्हते. विसार बऱ्याच खटपटीने परत मिळाला, व्याजावाचून. आमच्या कुटुंबाने त्या अंगणात तुळशीवृंदावन कोठे बांधावयाचे हेदेखील ठरवून ठेवले होते. त्यांनी त्यावर कधी शब्द काढला नाही, हे आम्हांस अधिक लागले.

तेव्हा पुतण्याची बाजू आम्ही हिरिरीने घेतली यात नवल नाही. परंतु त्या रात्री पाने मांडीत असता आमच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, नोटीस हवी तर धाडा, पण ते थांबा का म्हणतात, हे त्यांना कोणी विचारले आहे का?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. खरेच कोणी विचारले नव्हते. सारे दलालाच्या तोंडचे ऐकलेले.

दुसऱ्या दिवशी पुतण्यास घेऊन आम्ही त्या घरी गेलो. विक्रेते आमच्याच वयाचे, निवृत्त. आतल्या खोलीत त्यांची नव्वदीची आई अंथरुणास खिळलेली. ज्या नव्या इमारतीत ते राहावयास जाणार होते, तिचा ताबा बांधकाम करणाऱ्याने दोन महिने पुढे ढकलला होता. ठरल्या दिवशी हे घर सोडावे, तर आजारी आईस घेऊन कोठे जावे? आणि कारण सांगावे, तर आम्ही बिथरून व्यवहार मोडू, ही धास्ती. म्हणून ते गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याने आम्ही बिथरलो!

या प्रसंगावरून आमच्या ध्यानात आले ते असे. विक्रेता ‘थांबा’ म्हणतो त्याची कारणे तीन जातींची असतात. पहिली जात अडचणीची : नवे घर तयार नाही, घरात दुखणे आहे, मुलाची परीक्षा आहे. दुसरी कागदाची : जुन्या कर्जाचा बोजा उतरलेला नाही, एखाद्या वारसाची सही राहिली आहे, सोसायटीचा ना हरकत दाखला आलेला नाही. तिसरी लोभाची : दुसरे गिऱ्हाईक अधिक देऊ करीत आहे. पहिलीस वेळ द्यावा, दुसरीत आपल्या वकिलाकडून कसून तपास करावा, आणि तिसरीस मात्र विलंब न लावता नोटीस द्यावी. ओळखावे कसे? नवी तारीख मागावी आणि ती लिहून द्यावयास सांगावी. अडचणीतला मनुष्य बहुधा तारीख सांगतो व सहीही करतो. लोभी मनुष्य दर खेपेस कारण तेवढे बदलतो. आमच्या 1992 च्या गृहस्थांना ही कसोटी लावली असती, तर पहिल्या दिवाळीसच उलगडा झाला असता.

हा रोग आजचा नव्हे. नारदस्मृतीत व याज्ञवल्क्यस्मृतीत वादाच्या विषयांची जी वर्गवारी आहे, तीत ‘विक्रीयासंप्रदान’ नावाचे एक स्वतंत्र पदच आहे. विकून न सोपविणे, असा त्याचा सरळ अर्थ. किंमत घेऊन वस्तू न देणाऱ्याने मधल्या काळाची भरपाई केली पाहिजे, हा त्यातला मुख्य विचार. विलंब क्षम्य असू शकतो. पण त्याचा भार घेणाऱ्याने एकट्याने का सोसावा?

याच विचाराने आम्ही पुढचे ठरविले. दोन वाटा होत्या. एक, पुरवणी करार करून मुदत वाढवावयाची. त्यात नवा दिनांक स्पष्ट घालावयाचा, मधल्या काळाचे भाडे व वाढता खर्च कोणी सोसावयाचा ते लिहावयाचे, बाकीच्या अटी कायम आहेत असे नमूद करावयाचे आणि दोघांनी सह्या करावयाच्या. दुसरी वाट, खरेदीखत ठरल्या दिवशीच करावयाचे, आणि विक्रेत्यास त्या घरात दोन महिने परवानगीने राहू द्यावयाचे. आम्ही ही दुसरी पत्करली, कारण तीत मालकी लटकत राहत नाही. मात्र अशा राहण्यासही कागद हवा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे. आणि मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने नुकसानी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आम्ही बँकेस व सोसायटीस कळविले, आमच्या पदरच्या रकमेतील थोडा भाग किल्ली मिळेपर्यंत राखून ठेवला, आणि जे शुल्क ठरले तेवढ्यात पुतण्याचे जुन्या जागेचे भाडे भागले. जुन्या जागामालकानेही दोन महिने सांभाळून घेतले. विक्रेत्यांनी सर्व कागदांवर आनंदाने सही केली. लेखी मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे आम्ही असे साठीनंतर शिकलो.

आणि कारण लोभाचेच निघाले असते तर? तर करारपूर्तीच्या दाव्याची वाट आहेच. 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाल्यापासून करारपूर्तीचा हुकूम देणे ही पूर्वीसारखी केवळ न्यायालयाच्या विवेकाची बाब राहिलेली नाही. तथापि, आपण प्रथमपासून पैसे घेऊन सिद्ध होतो, हे खरेदीदारास दाखवावे लागते. यासाठी कर्जमंजुरीचे पत्र, खात्यातील शिल्लक, विक्रेत्यास वेळोवेळी लिहिलेली पत्रे जपून ठेवावी. दावा लावलाच, तर त्याची सूचना निबंधकाकडे नोंदवावी, म्हणजे मध्येच घर तिसऱ्यास विकले गेले तरी त्यावर दाव्याचे बंधन राहते. पण दाव्यास वर्षे लागतात. संस्कृतात ‘व्यवहार’ या शब्दाचा एक अर्थ खटला असाही आहे. घराच्या व्यवहारास तो अर्थ येऊ न देण्यातच उभय पक्षांचे हित असते.

तेव्हा आमच्या वाचकांस एवढेच सांगणे की, विक्रेता ‘थांबा’ म्हणाला तर रागावण्यापूर्वी त्याच्या घरी जावे, आणि विरघळण्यापूर्वी कागद करावा. यांपैकी पहिली गोष्ट न केल्याने आम्ही एका वृद्ध आईस संकटात लोटले असते. दुसरी न केल्याने एक घर आम्ही गमावलेच आहे.

ठरल्या मुदतीच्या चार दिवस आधीच ते गृहस्थ किल्ली घेऊन आमच्याकडे आले. राखलेली रक्कम त्यांना तेथल्या तेथे दिली. वास्तुशांतीच्या दिवशी आमच्या कुटुंबाने सूनबाईस न विचारताच पूर्वेकडच्या सज्जात तुळशीची कुंडी नेऊन ठेवली. सूनबाईने ती मुळीच हलविली नाही.