आडवं आलेलं झाड

गेल्या हिवाळ्यात आमच्या डिस्क गोल्फ क्लबच्या बैठकीत पाच झाडांवर मतदान झालं. सातव्या होलवरची पाच डग्लस फर. पाडायची कारणं तीन: ‘लाइन फेअर नाही’, ‘नशिबाचा भाग फार आहे’ आणि ‘टुर्नामेंट शूट करताना कॅमेऱ्यात काही दिसत नाही’. भराभर हात वर झाले. विरोधात आम्ही तिघंच. वसंत ऋतूत झाडं गेली. आता सातव्या होलवर सगळ्यांचे स्कोअर छान येतात, आणि खेळून झाल्यावर त्या होलबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

त्या बैठकीत मला इंग्रजीत जे धड बोलता आलं नाही, ते इथे मराठीत बोलून घेतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फच, पण चेंडू आणि काठी नाही. फ्रिस्बीपेक्षा लहान, कडेला निमुळती अशी प्लास्टिकची डिस्क असते. खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये टाकायची. एक डिस्क साधारण दहा ते वीस डॉलरला मिळते. शिकायला पाच मिनिटं लागतात आणि पुढची पाच वर्षं आपण वाईट खेळतो.

आता मुद्दा. ‘झाडीतला खेळ म्हणजे नशिबाचा खेळ’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रँडम कशाला म्हणतात ते मला नोकरीपुरतं तरी माहीत आहे. तोच इनपुट दिला आणि दर वेळी आउटपुट वेगळा आला, तर तो रँडम. झाड सोमवारी जिथे असतं तिथेच शनिवारी असतं. बदलतो तो आपला हात. साठ मीटरवर दोन झाडांमध्ये तीन मीटरची फट असेल, तर डिस्क सोडताना एका अंशाची चूक म्हणजे तिथे पोचेपर्यंत एक मीटरचा फरक. दीड अंश चुकलात की खोडावर ‘ठक्’. हे नशीब नाही, त्रिकोणमिती आहे. मोकळ्या मैदानात तीच दीड अंशाची चूक गवतावर निवांत जाऊन पडते आणि आपण स्वतःला चांगले खेळाडू समजतो. म्हणजे झाड अन्याय करत नाही, आपली चूक दाखवतं. आपल्या कोडमधला बग दाखवणाऱ्या टेस्टर मुलीवर आपण चिडतो, त्यातलाच हा प्रकार.

सातव्या होलचा राग डोक्यात असतानाच मी आणि माझा सांगलीचा एक मित्र पोर्टलंडहून निघालो. साधारण तीन तास दक्षिणेला, रोझबर्गच्या पुढे, नॉर्थ अम्पक्वा नदीच्या वळणात व्हिसलर्स बेंड नावाचं काउंटीचं पार्क आहे. नदी वळसा घालून जाते आणि आतल्या टेकडीवर कोर्स आहे. शेवाळ चढलेले ओक, लाल गुळगुळीत सालीचे माद्रोन, मधूनच फर. हरणं आपल्याकडे बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. फोनला रेंज येते-जाते. तिसऱ्या चढाला मित्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, “अरे, हे म्हणजे सिंहगड चढता चढता गोट्या खेळायच्या!”

बरोबर बोलला. चढावर डिस्कचं नाक जरा वर झालं की ती हवेतच थांबते आणि डावीकडे पडते. उतारावर तीच डिस्क तरंगतच राहते, आपण ठरवलं त्यापेक्षा कितीतरी लांब जाते. आणि उतारावर ती कडेवर उभी पडली तर मग संपलंच, चाकासारखी घरंगळत जाते. एका होलवर माझी डिस्क माद्रोनला लागली, कडेवर उतरली आणि तीसेक मीटर खाली घळीत गेली. तिथून बास्केट दिसतही नव्हती. एक गुडघा जमिनीवर, फांदीच्या खालून, मनगटाने फोरहँड. डिस्क दोन ओकांमधून निघाली आणि पाच मीटरवर पडली. होल तीन फेकींचा, मला सहा लागल्या. त्या दिवशीची ती एकच फेक मला अजून आठवते.

झाडं काढून त्या जागी काय येतं, तेही बघा. दोरी. आजकाल मोठ्या स्पर्धा बऱ्याचदा सपाट, मोकळ्या मैदानांवर होतात, अनेकदा चक्क चेंडूच्या गोल्फ कोर्सवर. अडथळा म्हणून गवतावर दोरी टाकतात: पलीकडे पडलं की एक फेक दंड. दोरी म्हणजे फॉर्मवरची लाल अक्षरं, ‘चुकीची नोंद, पुन्हा भरा’. झाड दंड करत नाही. झाड म्हणतं, आता इथून खेळून दाखव.

हा खेळ सुरू झाला तोच मुळी झाडांपासून. बास्केट येण्याआधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांच्यावर नेम धरायचे. व्हॅम-ओ कंपनीत आधुनिक फ्रिस्बी घडवणाऱ्या एड हेड्रिकने १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स मांडला, तेव्हा तिथेही नेम खांबांवरच होता. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्याला मिळालं १९७७ मध्ये. २००२ मध्ये तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली गेली. इतकं या खेळावर प्रेम. पुढे पैसा आला. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथने डिस्क्राफ्टबरोबर दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. त्याला मिळाले याचा आनंदच आहे. खेळाडूंनी उपाशी राहावं असं माझं म्हणणं नाही. पण कॅमेऱ्याला मोकळं मैदान आवडतं म्हणून गावोगावच्या कोर्सवर करवत चालवायची, याला माझा विरोध आहे.

कारण प्रश्न फक्त मजेचा नाही, जमिनीचा आहे. चेंडूच्या गोल्फला साधारण १०० ते २०० एकर जमीन लागते, ती सतत कापावी लागते, तिला पाणी पाजावं लागतं. तो खर्च कोणीतरी भरणार, म्हणून दाराशी तिकीट आणि आत ड्रेस कोड. डिस्क गोल्फ स्वस्त राहिला, कारण त्याने उरलेली जमीन घेतली: घळी, उतार, पुराचा पट्टा, झाडी. जिथे घर बांधता येत नाही आणि दुकान चालत नाही, अशी जागा. झाडी, चढ आणि आडगाव या तीन ‘गैरसोयी’ आहेत म्हणूनच हा खेळ खिशाला परवडतो. त्या काढून टाका, जमीन सपाट आणि शहराजवळची करा, की तिच्यावर दुसरा कोणीतरी हक्क सांगायला येतो. आणि तो आपल्यापेक्षा जास्त पैसे देतो.

‘फुकट’ म्हणजे कोणीतरी भरलेलं असतं, हेही कबूल. व्हिसलर्स बेंड ज्या डग्लस काउंटीत आहे, ती लाकडावर जगलेली काउंटी. केंद्र सरकारच्या जंगलांतल्या लाकडाच्या विक्रीचा वाटा तिला मिळायचा. १९९० नंतर तोड घटली, तसा तो वाटाही आटला. २०१६ मध्ये मतदारांनी वाचनालयांसाठीचा कर नाकारला आणि २०१७ मध्ये काउंटीची वाचनालयं बंद झाली. नंतर गावांनी आपापली पुन्हा उभी केली, पण धडा राहिला. जे कमाई करत नाही, ते सगळ्यात आधी बंद पडतं. वाचनालयावर जी वेळ आली, ती पार्कवर यायला कितीसा वेळ लागतो?

माझ्या बाजूच्या कमकुवत जागाही सांगतो. डिस्क लागून लागून खोडांच्या साली सोलल्या जातात आणि पायांनी उतारावरची माती सुटते. उपाय आहेत: लाकडाचा भुसा टाकणं, पायऱ्या बांधणं, टी हलवणं. पण ते कष्टाचे आहेत. पॉयझन ओकची तीन-तीन पानं मी ओळखली नाहीत आणि दोन आठवडे हात खाजवत बसलो. गाडी नसलेला माणूस इथे पोचूच शकत नाही. आणि आडगावच्या पेट्रोल पंपावर आम्ही दोन सावळी पोरं उतरलो की आवाज आपोआप खाली येतो, हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नाही. कोर्सवर मात्र एका म्हाताऱ्या गृहस्थाने घळीत उतरून माझी डिस्क शोधून दिली आणि नाव विचारून ते नीट उच्चारायचा दोनदा प्रयत्न केला.

पुण्यात सुट्टीवर गेलो की मित्र टर्फवर नेतात. जाळीच्या पिंजऱ्यात, दिव्याखाली, तासाच्या हिशेबाने क्रिकेट. एक तास संपला की शिट्टी वाजते आणि पुढचे दहा जण दारात उभे असतात. दुसरीकडे वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या प्रस्तावांविरुद्ध पुणेकर वर्षानुवर्षं भांडतायत. टेकडीवर बास्केटा लावा असं मी म्हणत नाही. कृपा करून लावू नका, तिला तेवढाही त्रास नको. पण ‘तिथे आहे काय, नुसती झाडं’ हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे. पुण्यात ते रस्त्यासाठी बोललं जातं, आमच्या क्लबात ‘फेअर लाइन’साठी.

पुढच्या महिन्यात बाराव्या होलवरच्या तीन झाडांवर मतदान आहे. या वेळी मी भाषण लिहून नेणार आहे, एका अंशाचं गणित फळ्यावर काढून दाखवणार आहे आणि सांगलीकरालाही क्लबचा मेंबर करून घेतलंय. मागच्या वेळी आम्ही तिघं होतो, या वेळी निदान चौघं असू.