गाडी चढते, पण थांबते का?

मंडळी, गेला महिनाभर इथे काही लिहिलं नाही. एकदोघांनी फोन करून चौकशी केली. माझी तब्येत उत्तम आहे. वहिनींच्या हाताला प्लास्टर होतं, त्यामुळे भिवंडी–नेरळ अशा खेपा चालल्या होत्या. आता प्लास्टर निघालंय, आणि मला भांडायला मोकळीक मिळाली आहे.

झालं असं. आमच्या पुतण्याचं घर नेरळजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. सोसायटी उतारावर वसलेली. गेटपासून वरच्या घरांपर्यंत अशी चढण, की माझ्यासारखा माणूस मध्ये दोनदा थांबून "काय छान हवा आहे" असं म्हणतो. म्हाताऱ्यांची सोय म्हणून कमिटीने एक जुनी सहा आसनी गोल्फकार्ट घेतली. कुठल्यातरी सपाट हिरवळीवर आयुष्य घालवलेली. ती चढावर धापा टाकायला लागली, म्हणून जुन्या बॅटऱ्या काढून स्वस्तातली लिथियम बॅटरी बसवली. आणि ऐन श्रावणात, भरल्या गाडीनिशी, चढणीच्या मध्यावर गाडी एकदम गप्प झाली. ड्रायव्हरने पार्किंग ब्रेक दाबला, तो लागलाच नाही. गाडी मागे घसरत मातीच्या बांधाला जाऊन टेकली. बांध होता म्हणून बरं. वहिनींनी तोल सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं.

यावर कमिटीने काय ठरवावं? पुतण्याने मला यादीच पाठवली. मोठी चाकं, अलॉय रिम, गाडी उंच करायचा सांगाडा, वेग वाढवण्याची सेटिंग, एलईडी दिवे आणि गाणी लावायला स्पीकर. ब्रेकचं नावसुद्धा नाही! मी यादी दोनदा वाचली. वर्गात अशी उत्तरपत्रिका आली असती तर पालकांना बोलावलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तराला मोटारीतलं काय कळतं? कबूल. पण माझा एक जुना विद्यार्थी आमच्या इथल्या गोदामात बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची देखभाल करतो. बाप लूमवर होता. त्याला घरी बोलावलं, चहा पाजला आणि दोन तास शिकलो. (गुरुदक्षिणा उलटी फिरली.)

तो म्हणाला, सर, आधी हिशोब करा. गाडी आणि माणसं मिळून ९०० किलो धरा. सपाट रस्त्यावर चाकांचा अडथळा दोन टक्के धरला तरी १८ किलोची ओढ पुरते. दहाला एक अशी चढण आली की त्यावर आणखी ९० किलो लागतात. ताशी १० किलोमीटरने चढायचं तर नुसत्या चढणीसाठी जवळजवळ अडीच किलोवॅट. ताशी २० म्हटलं की पाच. म्हणजे चढावर वेग मागणं म्हणजे दुप्पट आग मागणं. मोटर तापणार, वायरी तापणार, कंट्रोलर बंद पडणार.

मग मोठी चाकं? इथे त्याने लूमचं उदाहरण दिलं, आणि भिवंडीच्या माणसाला तेच पटतं. मोटरवर पुली लहान आणि लूमवर मोठी का असते? वेग घटवून जोर मिळवायला. गाडीचं चाक मोठं करणं हे नेमकं त्याच्या उलट. १८ इंचाच्या जागी २२ इंची चाक लावलं तर जमिनीवरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. आधीच दमलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती टाकण्याचा हा प्रकार. आणि गाडी उंच केली की वळणावर कलंडायची सोय झाली!

लिथियमबद्दल मात्र माझं मत बदललं. मला वाटलं होतं दोष तिचाच. तसं नाही. आठ व्होल्टच्या सहा जुन्या बॅटऱ्या म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास ओझं, शिवाय चढावर त्यांचा दाब खाली बसतो. लिथियमचं वजन साधारण तिसऱ्या हिश्शाचं आणि दाब टिकून राहतो. डोंगरावर तीच बरी. पण तिच्या आत एक राखणदार सर्किट असतं. कंट्रोलर जितका प्रवाह मागतो तितका द्यायची त्याची मर्यादा नसेल तर ते सरळ पुरवठा तोडतं. कुठे तोडतं? जिथे मागणी सर्वांत जास्त, तिथे. म्हणजे चढणीच्या मध्यावर. स्वस्तातली बॅटरी घेताना हा एक आकडा कोणी विचारला नाही. वहिनींच्या मनगटाची किंमत एवढीच.

पुतण्याच्या गच्चीतून माथेरानचा डोंगर समोर दिसतो. तिथे बसून मी हे सगळं ऐकवत होतो, तर कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, माथेरानला ई-रिक्षा चढतात, आपली का नाही चढणार?" बरं झालं त्यांनी विषय काढला.

माथेरानला मोटारींना बंदी. २००३ साली तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तिथे माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा होत्या, ९४ परवाने. त्याविरुद्ध श्रमिक रिक्षा संघटनेने वर्षानुवर्षे कोर्टात झगडा दिला. त्यात पुढे होते सुनील शिंदे, तेही निवृत्त शिक्षक. (आम्ही मास्तर मंडळी निवृत्तीनंतर जास्त उपद्रवी होतो.) डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रयोग म्हणून फिरू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. मला तो निकाल वाचून बरं वाटलं. लहानपणी त्या हातरिक्षेत मी स्वतः बसलोय, ती लाज अजून आहे. घोडेवाल्यांची पोटाची भीती खोटी नाही, पण त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

न्यायालयाने गुजरातच्या केवडियाचा दाखला दिला, तिथे स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने मिळतात. योजना म्हणून ती उत्तमच आहे. माझं भांडण आहे ते "ई-रिक्षा म्हणजे ई-रिक्षा, कुठलीही आणा" म्हणणाऱ्यांशी. योजना केवडियाची घ्या, पण गाडी माथेरानच्या लाल मातीवर, भर पावसात, भरल्या सवारीनिशी उभी करून बघून घ्या. कमीत कमी भावाच्या निविदेला चढ-उतार कळत नाही.

हातरिक्षा उतारावर कशी यायची आठवतं? पुढे एक माणूस आणि मागे दोघे. चढावर मागचे ढकलायचे, आणि उतारावर तेच पाय रोवून ती मागे ओढून धरायचे. गाडीचा ब्रेक ती दोन माणसं होती! त्यांच्या गुडघ्यांत त्या रस्त्याची प्रत्येक वळणं नोंदलेली आहेत. गाडी निवडायला बसताना त्यांना खुर्ची द्या, मग बाकीच्यांना. आमच्या कमिटीतही ड्रायव्हरला कोणी विचारलं नव्हतं. "पार्किंग ब्रेक सैल आहे" असं तो आधी दोनदा म्हणाला होता म्हणे.

तेव्हा पुतण्या, तू हे वाचणार आहेस म्हणून इथेच लिहितो. पैसे मर्यादित आहेत ना? पहिल्यांदा ब्रेक: नवे शू, नव्या केबल, आणि पार्किंग ब्रेक भरल्या गाडीला धरेल असा. मग तुमची जुनी डीसी मोटर काढून एसी मोटर आणि तिच्या जोडीचा कंट्रोलर. ती उतारावर स्वतः गाडीला आवरते, आणि पेडल सोडलं की आपोआप धरणारा ब्रेक तिच्यासोबत मिळतो. मात्र वरच्या पार्किंगमध्ये बॅटरी काठोकाठ भरून लगेच खाली निघू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही, आणि मग मोटरचा तो लगाम ढिला पडतो. पुढचं काम, बॅटरीचा तो आकडा कंट्रोलरशी जुळवून घेणं, आणि चार्जर लिथियमचाच. चाकं आहेत तीच ठेवा. वेगाची सेटिंग वाढवायची नाही, कमी करायची. दिवे लावा, पावसाळी संध्याकाळी ते लागतात. स्पीकरचं नाव काढलंत तर मी सोसायटीत पाऊल ठेवणार नाही.

रविवारी सभा आहे, मी सकाळच्या गाडीने येतोय. वाळूची सात पोती भरून ठेव, पन्नास-पन्नास किलोची. सवारी म्हणून ती बसवू. चढणीच्या मध्यावर गाडी उभी करायची, ड्रायव्हरने ब्रेक लावून खाली उतरायचं, आणि कमिटीने पाच मिनिटं गाडीच्या मागे नव्हे, बाजूला उभं राहून बघायचं.