सुरुवात आसनापासून

लढाऊ विमानाचं मॉडेल मुलांच्या हाती द्यावं का, असा प्रश्न काही पालकांना पडतो. घरात युद्धाचं खेळणं कशाला, असं अम्मीला वाटणं साहजिक आहे. पण मॉडेल सावकाश, समजून बांधलं, तर युद्धाची भूल चढत नाही, उतरते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरचंच पाहा.

खऱ्या स्पिटफायरची रुंदी, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे सव्वा अकरा मीटर. एकास बहात्तर प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ती साडेपंधरा सेंटिमीटर होते. किट उघडल्यावर भाग चौकटीतून हातानं मोडू नका. कटरनं कापा आणि बारीक सँडपेपरनं घासा. कटर मोठ्यांच्या हातात असावा. गोंद आणि रंगाचं काम खिडकी उघडी ठेवून करावं.

मुलांना विमानाचे दोन अर्धे भाग लगेच जोडायची घाई असते. तिथं थांबवा. एकदा जोडले की आत हात जात नाही. म्हणून आधी वैमानिकाची जागा रंगवायची, फिकट राखाडी-हिरवी. आसनाला बांधायचे पट्टे कागदाचे करावेत. अर्धा मिलिमीटर रुंद, चार पट्टे. चिमट्यानं लावायला एक संध्याकाळ जाते.

तेवढ्या वेळात मुलांना सांगा की या आसनावर बसणारे बहुतेक विशी-बाविशीचे होते. पुढे भारताचे हवाईदल प्रमुख आणि १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले इद्रिस हसन लतीफही त्याच वयात ब्रिटनमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर उडवायला शिकले.

आता समोरचा घड्याळांचा फलक बसवा. खऱ्या विमानात त्याच्या पुढे लगेच पेट्रोलच्या टाक्या होत्या. तिथं गोळी लागली, की आग वैमानिकाच्या तोंडा-हातावर येई. असे भाजलेले तरुण ईस्ट ग्रिनस्टेड गावच्या इस्पितळात डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे जात. मॅकिंडोंनी मिठाच्या पाण्याच्या आंघोळी दिल्या, कातडी लावून चेहरे पुन्हा घडवले. उपचार नवे होते, म्हणून रुग्णांनी १९४१ मध्ये स्वतःच्या मंडळाला ‘गिनीपिग क्लब’ असं गमतीचं नाव दिलं. बरे होत असताना ते गावात फिरत आणि लोक त्यांच्याकडे टक लावून पाहत नसत. पुढे त्या गावाची ओळखच तशी झाली.

यानंतर अर्धे भाग जोडा. वरून हिरवा आणि मातकट तपकिरी रंग द्या. शेवटी पंखांच्या पुढच्या कडेला आठ लाल ठिपके येतात. त्या बंदुकांच्या तोंडांवरच्या कापडी पट्ट्या. धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून त्या लावत आणि पहिल्या गोळीबरोबर त्या फाटत. पट्ट्या अखंड असल्या, तर विमानानं गोळी झाडलेली नाही. फाटून काजळी पसरलेली असली, तर झाडून परत आलं आहे. आपलं विमान कोणतं, हे मुलांनाच ठरवू द्या आणि तेच का, हेही विचारा.

मॉडेल कपाटात ठेवल्यावर पाहुणे रंगाचं कौतुक करतील. कागदाचे ते चार पट्टे कुणाला दिसायचे नाहीत. मुलांना मात्र ते ठाऊक असतील आणि ते कुणासाठी होते, हेही.