शस्त्रवैद्याची उमेदवारी आणि संशोधन

डॉक्टर होण्याची आकांक्षा बाळगणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतात, व त्यांपैकीं कांहीं पुढें अमेरिकेची वाट धरतात. तेथें शस्त्रवैद्य व्हावयाचें तर वैद्यकीय पदवीनंतर रुग्णालयांत निदान पांच वर्षें उमेदवारी करावी लागते. तिला रेसिडेन्सी म्हणतात. ह्या जागांची वांटणी १९५२ सालापासून 'मॅच' नांवाच्या मध्यवर्ती व्यवस्थेनें होते. जानेवारी २०२२ पासून परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण कळविणें बंद झालें. केवळ उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण एवढेंच सांगण्यांत येऊं लागलें. साहजिकच निवड करणारांची दृष्टि अर्जांतील इतर गोष्टींकडे वळली, आणि त्यांत संशोधनाचें महत्त्व वाढलें.

शस्त्र चालविणाऱ्यास लेखणीचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास इतिहासच उत्तर देतो. ही उमेदवारीची पद्धति ज्यांनीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत १८८९ नंतर घालून दिली, त्या विल्यम हॉलस्टेड यांनीं स्तनाच्या कर्करोगावर एक मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. तींत स्तनाबरोबर खालचे स्नायूहि काढून टाकीत. कित्येक पिढ्यांनीं ती निष्ठेनें व कौशल्यानें केली. परंतु ती अवश्य आहे काय, हा प्रश्न केवळ हस्तकौशल्यानें सुटणारा नव्हता. बर्नार्ड फिशर ह्या शस्त्रवैद्यांनीं १९७१ त दीड हजारांहून अधिक स्त्रियांवर तुलनात्मक पाहणी आरंभिली. १९८५ त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसून आलें कीं, लहान शस्त्रक्रियेनेंहि रोगी तितकेच जगतात. म्हणून उमेदवाराच्या अंगीं शोधक बुद्धि आहे कीं नाहीं, हें पाहणें आम्हांस सर्वथा योग्य वाटतें.

मात्र बुद्धि पाहणें निराळें आणि कागद मोजणें निराळें. २०२२ सालीं मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शाखेंत निवडल्या गेलेल्या अमेरिकन पदवीधरांच्या अर्जांत लेख, गोषवारे व परिषदांतील निवेदनें मिळून सरासरी २५ हून अधिक नोंदी होत्या. विद्यार्थिदशेच्या चार-पांच वर्षांत इतके प्रश्न कोणी मुळापासून अभ्यासिले असतील, असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय कित्येक जण केवळ संशोधनासाठीं एक-दोन वर्षें देतात, तींहि पुष्कळदां अल्प वेतनावर किंवा वेतनाविना. ज्याच्या घरीं त्याच्या मिळकतीची वाट पाहिली जात आहे, त्यानें हें कसें करावें? अशानें गुणाची नव्हे, तर ऐपतीची परीक्षा होते.

आपल्याकडे एम. एस.ची जागा प्रवेश-परीक्षेंतील क्रमांकावर मिळते, व प्रबंध मागाहून लिहावयाचा असतो. त्यामुळें संशोधन म्हणजे उरकून टाकण्याचें काम, अशी समजूत सहज होते. आणि परदेशीं अर्ज करण्याची वेळ आली कीं धांवपळ सुरू होते.

आमचें मत असें कीं, निवड करणारांनीं नोंदींची संख्या बाजूस ठेवून उमेदवारास एकच काम निवडावयास सांगावें व विचारावें: हा प्रश्न तुम्हांस कां पडला? त्यांत तुम्हीं स्वतः काय केलें? निष्कर्ष उलट आला असता तर काय केलें असतें? ज्यानें एकच प्रश्न मनापासून अभ्यासिला आहे, तो उत्तर देईल; ज्यानें पंचवीस ठिकाणीं नुसतें नांव लाविलें आहे, तो अडखळेल. विद्यार्थिमित्रांनींहि हें ध्यानांत धरावें. पुढें कधीं एखादा रोगी विचारील, 'डॉक्टर, ही शस्त्रक्रिया खरोखरच हवी काय?' त्या वेळीं नोंदींची संख्या कामास येणार नाहीं. पुरावा पारखण्याची संवय मात्र येईल.